किल्ली चौकटीवर ठेवायची की शेजारी द्यायची? लिनक्सवरचे पासवर्ड आणि पॅकेज बनवणाऱ्याचा एक छोटा निर्णय

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना काही वाक्यं वेगळी वाटतील, कारण बोलताना मी जिथं अडखळलो तिथं लिहिताना नीट केलंय. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी सगळं इथं आहेच. एक सूचना आधीच देतो. कमांडची आणि पॅकेजची नावं मी बोललो तशीच देवनागरीत लिहिलीत, टाईप करताना ती अर्थातच इंग्रजीत करायची.

अभ्यासिकेतली हार्ड डिस्क

बीडमध्ये राहणाऱ्यांना अभ्यासिका म्हणजे काय हे सांगायला नको. सकाळी सहाला पोरं येऊन बसतात ते रात्रीपर्यंत. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, ज्याचं जे चाललंय ते. अशाच एका अभ्यासिकेत पाच जुने कॉम्प्युटर चालू करून द्यायचं काम माझ्याकडं आलं. दोन-दोन जीबी रॅम, विंडोज उघडेपर्यंत चहा पिऊन यावं अशी अवस्था. मी त्यावर डेबियन लिनक्स टाकलं, वर ओपनबॉक्स नावाचा अगदी हलका डेस्कटॉप आणि क्रोमियम ब्राउझर. नेट होतं मोबाईलच्या हॉटस्पॉटवरचं, म्हणून डेटा वाचवायला इन्स्टॉल करताना 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' हा पर्याय लावला. म्हणजे अत्यावश्यक तेवढंच घे, बाकीचं राहू दे. रोज येणाऱ्या प्रत्येकाला वेगळं खातं, वेगळा लॉगिन पासवर्ड. मला वाटलं, काम चोख झालं.

काही महिन्यांनी एका कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. पोरांच्या नोट्स वाचवायच्या म्हणून मी हार्ड डिस्क काढली आणि यूएसबीनं माझ्या लॅपटॉपला जोडली. एकाच्या ब्राउझरचं प्रोफाइल फोल्डर कॉपी केलं, बुकमार्क मिळतात का बघायला माझ्याच क्रोमियममध्ये उघडलं. बुकमार्क मिळालेच, पण सोबत सगळे पासवर्डसुद्धा मिळाले! ईमेलचा, भरतीच्या पोर्टलचा, शिष्यवृत्तीचा. त्या पोराचा लॉगिन पासवर्ड मला माहीत नव्हता आणि कुणी विचारलाही नाही.

ज्या पोरानं दोन वर्षं एका परीक्षेसाठी घालवलीत, त्याचा ईमेल दुसऱ्याच्या हातात गेला तर हॉल तिकिटापासून सगळंच अडकतं. आणि ही डिस्क माझ्याकडं आली म्हणून बरं, भंगारवाल्याकडं गेली असती तर?

चूक माझी होती. पण ती नेमकी कुठं झाली हे शोधायला गेलो, तेव्हा लिनक्सच्या जगातला एक छोटा पण महत्त्वाचा प्रश्न समोर आला. आजचा भाग त्यावर आहे: पासवर्ड ठेवणारी तिजोरी जर 'ऐच्छिक' असेल, तर ॲपचं पॅकेज बनवणाऱ्यानं काय करावं?

फोनवर हा प्रश्न का पडत नाही

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये कीस्टोअर नावाची सोय सिस्टिमसोबतच येते. ॲप बनवणाऱ्याला 'या फोनमध्ये तिजोरी असेल का?' हा विचार करावा लागत नाही. ती असतेच. आयफोनवर कीचेन असते, विंडोजवर क्रेडेन्शियल मॅनेजर असतो. एक कंपनी, एक सिस्टिम, एक तिजोरी.

डेस्कटॉप लिनक्सवर तसं नाही. तिथं ग्नोमवाल्यांची तिजोरी आहे ग्नोम-कीरिंग. केडीईवाल्यांची आहे केवॉलेट. कीपासएक्ससी हा पासवर्ड मॅनेजरसुद्धा २०१९ च्या २.५ आवृत्तीपासून तिजोरीचं काम करू शकतो. आणि माझ्यासारख्या माणसानं अगदी हलकी सिस्टिम उभी केली, तर तिजोरीच नसते. ॲप बनवणाऱ्याला यातलं आपल्या ग्राहकाकडं काय असेल हे आधी कळत नाही.

यावर उतारा म्हणून ग्नोम आणि केडीईच्या लोकांनी मिळून एक सामायिक बोली ठरवली. तिचं नाव सीक्रेट सर्व्हिस. ॲपनं डी-बसवर, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात त्या वाटेवर, 'ओआरजी डॉट फ्रीडेस्कटॉप डॉट सीक्रेट्स' या नावानं हाक मारायची. जी तिजोरी हजर असेल ती ओ देईल. ग्नोम-कीरिंग ओ देतं, कीपासएक्ससी देतं, आणि २०२२ पासून केवॉलेटही ही बोली बोलतं.

किल्ली कुणाकडं?

आता हे आपल्याकडच्या उदाहरणानं बघू. आपल्या जिल्ह्यातनं ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या आसपास घराला कुलूप लावून निघतात ते पाडव्याच्या सुमाराला परततात. घरातली कागदपत्रं, किल्ली कुणाकडं ठेवायची? बरेच जण विश्वासातल्या शेजाऱ्याकडं देतात. पण शेजारी घरात नसेल तर? मग कुणी कुणी किल्ली चौकटीवर ठेवून जातं. कुलूप आहे, लांबून बघणाऱ्याला घर बंद दिसतं. पण ज्याला चौकटीवर हात फिरवायचं सुचेल, त्याला घर उघडं.

यात तीन गोष्टी वेगळ्या ओळखा. एक, घरमालक, म्हणजे ॲप. दोन, शेजाऱ्याला हाक मारायची रीत, म्हणजे लायब्ररी. लिनक्सवर तिचं नाव बहुतेक वेळा लिबसीक्रेट. आणि तीन, प्रत्यक्ष शेजारी, म्हणजे मागं चालू असलेली तिजोरीची सेवा, ग्नोम-कीरिंग वगैरे.

सगळा घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्यात होतो. लिबसीक्रेट इन्स्टॉल झालं म्हणजे तिजोरी आली असं लोकांना वाटतं. तसं नाही. हाक मारायला शिकलात, पण ओ द्यायला कुणी नाही, अशी ती अवस्था.

शेंगदाण्याची गोष्ट

मग ओ मिळाली नाही तर क्रोमियम काय करतं? अनेक वर्षं त्याची रीत अशी आहे: तिजोरी सापडली नाही तर 'बेसिक' पद्धतीवर जायचं. या पद्धतीत पासवर्ड एन्क्रिप्ट होतात, पण ज्या परवलीच्या शब्दापासून किल्ली बनते तो शब्द प्रोग्रॅममध्येच कायमचा लिहिलेला आहे. तो शब्द आहे 'पीनट्स'. हो, शेंगदाणे! आणि त्यात मिसळायचं जे 'सॉल्ट' असतं, ते आहे 'सॉल्टीसॉल्ट'. जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर हेच. क्रोमियमचा कोड खुला आहे, त्यामुळं हे गुपित नाही आणि ते लिहिणाऱ्यांनीही ते लपवलेलं नाही. पण हेच ते चौकटीवरच्या किल्लीचं कुलूप. डेटाबेसमधल्या नोंदीच्या सुरुवातीला 'व्ही-१०' दिसलं तर समजायचं शेंगदाणे, 'व्ही-११' दिसलं तर किल्ली तिजोरीतली.

इलेक्ट्रॉन वापरून बनलेली ॲप क्रोमियमवरच उभी असतात, म्हणून तिथंही हीच गोष्ट. इलेक्ट्रॉनमध्ये 'सेफस्टोरेज' नावाची सोय आहे. लिनक्सवर तिजोरी नसेल तर ती 'बेसिक-टेक्स्ट' प्रकार वापरते, आणि तसं झालंय का हे ॲपला विचारून घेता येतं. प्रश्न एवढाच, की ॲप बनवणारा ते विचारतो का आणि तुम्हाला सांगतो का.

सिग्नल डेस्कटॉपचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. मेसेजच्या डेटाबेसची किल्ली बरीच वर्षं एका साध्या फाईलमध्ये उघडी पडलेली असायची. २०२४ मध्ये त्यावर पुन्हा मोठा आरडाओरडा झाला आणि मग त्यांनी सेफस्टोरेज घेतलं. पण लिनक्सवर त्यातून नवी अडचण आली: आज ग्नोममध्ये लॉगिन केलं, उद्या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये केलं, की तिजोरी बदलते आणि जुनी किल्ली सापडत नाही. शेजारी बदलला, पण किल्ली पहिल्याकडंच राहिली.

पॅकेज बनवणारा कोण असतो?

फोनवर प्ले स्टोअरमधलं ॲप ज्यानं लिहिलं त्यानंच चढवलेलं असतं. लिनक्सवर मध्ये आणखी एक माणूस असतो: पॅकेज बनवणारा. मूळ कोड घ्यायचा, आपल्या डिस्ट्रिब्युशनसाठी तयार करायचा, आणि सोबत काय काय लागतं त्याची यादी लिहायची. बहुतेक वेळा हे काम स्वयंसेवक करतात. त्या यादीतला एक शब्द बदलला की लाखो कॉम्प्युटरवर फरक पडतो. डेबियनमध्ये घेतलेला निर्णय पुढं उबुंटूत, मिंटमध्ये, आणि आपल्या सीडॅकच्या बॉस लिनक्सपर्यंत वाहत येऊ शकतो, कारण ही सगळी घरं डेबियनच्याच पायावर उभी आहेत.

डेबियनच्या यादीत तीन मुख्य पायऱ्या असतात. भाकरीचं उदाहरण घेऊ.

'डिपेंड्स' म्हणजे ज्वारीचं पीठ. ते नसेल तर भाकरी होणारच नाही. पॅकेज इन्स्टॉलच होत नाही.

'रेकमेंड्स' म्हणजे ठेचा. नसला तरी भाकरी होते, पण नेहमीच्या ताटात तो असायलाच हवा. डेबियनचा नियमही असाच आहे: काहीतरी वेगळंच इन्स्टॉलेशन सोडलं तर जे सोबत असावं, ते इथं लिहायचं. आणि 'ॲप्ट' हे रेकमेंड्समधलं सगळं आपोआप आणतं. तुम्ही मुद्दाम 'नको' म्हटलं तरच सोडतं. मी नेमकं तेच म्हटलं होतं.

'सजेस्ट्स' म्हणजे ताक. मिळालं तर छान. आपोआप येत नाही.

आता सांगा, पासवर्डची तिजोरी कुठं लिहायची?

डिपेंड्समध्ये लिहिली, तर केडीई वापरणाऱ्याच्या गळ्यात ग्नोम-कीरिंग पडतं, जे त्याला नकोय कारण त्याच्याकडं केवॉलेट आहे. ज्या सर्व्हरला स्क्रीनच नाही, तिथंही डेस्कटॉपचं सामान येऊन बसतं. सजेस्ट्समध्ये लिहिली, तर कुणाच्याच लक्षात येत नाही आणि पासवर्ड शेंगदाण्यांवर जातात. म्हणून बहुतेक वेळा योग्य जागा मधली: लायब्ररी डिपेंड्समध्ये, कारण ती लहान असते, आणि सेवा रेकमेंड्समध्ये, तीही पर्यायासह. 'ग्नोम-कीरिंग किंवा ही बोली बोलणारं दुसरं काहीही' असं लिहिता येतं. 'दुसरं काहीही' म्हणायला आभासी पॅकेजचं नाव वापरतात. आर्च लिनक्समध्ये तर डी-बसवरचं तेच नाव आभासी पॅकेज म्हणून वापरतात, ग्नोम-कीरिंग आणि कीपासएक्ससी दोघंही 'ते नाव आम्ही पुरवतो' असं जाहीर करतात.

फेडोरात आरपीएम चालतं. तिथं २०१४ च्या ४.१२ आवृत्तीपासून रेकमेंड्स आणि सजेस्ट्स आले, आणि ४.१३ पासून अटही घालता येते: 'प्लाझ्मा डेस्कटॉप असेल तर केवॉलेट आण'. माझ्या मते ही सगळ्यात शहाणी रीत. पाहुणा बघून ताट वाढायचं.

आर्चमध्ये 'ऑप्टडिपेंड्स' असतात. पॅकमन ते आणत नाही, इन्स्टॉल झाल्यावर नुसती यादी छापतो. वाचली तर वाचली! आर्च वापरणारा स्वतः बघून घेईल हे तिथं गृहीत आहे, आणि तिथल्या लोकांना तेच हवं असतं. जेंटूत तर स्वतःच कोड कंपाईल करायची रीत असल्यानं कीरिंग हवं की नको याचं बटण वापरणाऱ्याच्याच हातात असतं.

एकच गिट, तीन घरं

हे सगळं एका उदाहरणात बघायचं असेल तर गिट घ्या. कॉलेजमध्ये प्रोजेक्ट करणाऱ्या सगळ्यांना गिट माहीत असतं. पुश करताना टोकन परत परत विचारू नये म्हणून गिटला 'मदतनीस' लावता येतो. 'स्टोअर' नावाचा मदतनीस टोकन तुमच्या होम फोल्डरमध्ये एका फाईलमध्ये साध्या अक्षरात लिहून ठेवतो. 'कॅश' नावाचा मेमरीत ठेवतो आणि सांगितलं नाही तर १५ मिनिटांत विसरतो. तिसरा लिबसीक्रेटवाला, जो तिजोरीत ठेवतो.

हा तिसरा मदतनीस फेडोरात वेगळ्या छोट्या पॅकेजात मिळतो. हवा त्यानं घ्यावा. आर्चमध्ये तो गिटसोबतच तयार होऊन येतो, फक्त लिबसीक्रेट ऐच्छिक आहे. डेबियनमध्ये बराच काळ त्याचा नुसता कोड डॉक्युमेंटेशनच्या फोल्डरमध्ये ठेवलेला असायचा, स्वतः 'मेक' करून घ्या. सॉफ्टवेअर तेच, कोड तोच. पण तिसऱ्या घरातल्या नवख्या पोराला वाटतं की लिनक्सवर ही सोयच नाही, आणि तो 'स्टोअर' लावून मोकळा होतो. आळस माणसाचा स्वभाव आहे. सुरक्षित रस्ता लांबचा आणि असुरक्षित जवळचा असेल तर लोक जवळचाच धरणार. पॅकेज बनवणाऱ्यानं हे गृहीत धरूनच काम करायला हवं.

दोन लपलेले खड्डे

पहिला खड्डा कंपाईल करताना येतो. बऱ्याच प्रकल्पांच्या बिल्डमध्ये तीन पर्याय असतात: चालू, बंद आणि 'ऑटो'. ऑटो म्हणजे बिल्ड करणाऱ्या मशीनवर लिबसीक्रेट सापडलं तर घे, नाही तर गुपचूप सोड. ऐकायला सोयीचं. पण उद्या बिल्डच्या यादीतून ती एक ओळ चुकून गळाली, तर बिल्ड हिरवंच राहतं, कसली चूक दिसत नाही, आणि नव्या पॅकेजातून पासवर्ड तिजोरीत ठेवायची सोय गायब. कुणाला पत्ता नाही. म्हणून नियम: हवं असेल तर स्पष्ट 'चालू' लिहा, म्हणजे लायब्ररी नसली की बिल्ड मोडेल आणि तुम्हाला कळेल. फेडोरात मेसॉनचा मॅक्रो सगळे ऑटो पर्याय 'चालू' करूनच टाकतो, त्यामागं हेच कारण.

दुसरा खड्डा 'डीएलओपन'चा. ॲप लायब्ररीशी थेट जोडलेलं असेल, तर पॅकेजिंगची अवजारं ते स्वतः ओळखतात आणि डिपेंड्समध्ये नाव घालतात. पण क्रोमियम किंवा क्यूटी-कीचेनसारखी मंडळी लिबसीक्रेट आयत्या वेळी, चालू झाल्यावर शोधतात. सापडली तर वापरतात, नाही तर पुढं जातात. अवजारांना हे दिसत नाही. इथं माणसालाच कोड वाचून हातानं रेकमेंड्स लिहावं लागतं. विसरला तर विसरला.

मग सगळंच आणून ठेवू?

आता तुम्ही म्हणाल, दादा, एवढी कटकट कशाला, सगळंच डिपेंड्समध्ये टाका. इथं दुसरी बाजूही ऐका.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम चोरदार ठेवल्याचं उघड झालं. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या. रोख होता एसएसएच सर्व्हरवर. गंमत म्हणजे एसएसएचला ही लायब्ररी मुळात लागतच नाही. काही डिस्ट्रिब्युशननी एका छोट्या सोयीसाठी एसएसएचला सिस्टिमडीच्या लायब्ररीशी जोडलं होतं, आणि तिच्या मागून एक्सझेड आत आलं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं म्हणून ते सापडलं, नाही तर ते स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोचलं असतं. धडा असा: प्रत्येक जोडलेली गोष्ट हे आणखी एक दार आहे. नको ती दारं काढा, हे म्हणणं चुकीचं नाही.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे २०२४ मध्ये, डेबियनच्या अस्थिर शाखेत कीपासएक्ससीवरून वाद झाला. पॅकेज सांभाळणाऱ्यानं ठरवलं की पासवर्ड मॅनेजरमध्ये नेटवर्क आणि ब्राउझरशी बोलणारा कोड नको. 'कीपासएक्ससी' या नेहमीच्या नावाखाली त्या सोयी काढलेलं पॅकेज आलं, आणि सगळ्या सोयींचं पॅकेज 'कीपासएक्ससी-फुल' या नव्या नावानं. अपडेट केल्यावर लोकांचं ब्राउझर एक्स्टेन्शन चालेना. ते तक्रार घेऊन गेले मूळ प्रकल्पाकडं, ज्यांनी काहीच बदललं नव्हतं.

माझं मत विचाराल तर दोन पॅकेज करणं गैर नव्हतं. गैर होतं ते जुन्या नावाचा अर्थ बदलणं. गावच्या एसटीची पाटी तीच ठेवून गाडी दुसऱ्या रस्त्यानं नेली तर प्रवासी भांडणारच. आणि ब्राउझरची सोय गेली की लोक पासवर्ड मॅनेजरमधून पासवर्ड कॉपी-पेस्ट करतात, नाही तर ब्राउझरमध्येच सेव्ह करतात. ब्राउझर कुठं ठेवतो ते आपण आत्ताच पाहिलं. सुरक्षा वाढवायला गेलं आणि शेंगदाणे हाती आले, असं व्हायला वेळ लागत नाही.

तिजोरी नसेल तेव्हा ॲपनं कसं वागावं

यात तीन प्रकारची माणसं भेटतात.

पहिला सरळ नाही म्हणतो. पायथनची 'कीरिंग' लायब्ररी अशी आहे. तिजोरी सापडली नाही तर एरर देते, स्वतःहून साध्या फाईलमध्ये लिहीत नाही. साध्या फाईलमध्ये लिहिणारा पर्याय हवा तर वेगळं पॅकेज मुद्दाम घ्यावं लागतं.

दुसरा विचारतो. सबव्हर्जन १.६ आवृत्तीपासून 'पासवर्ड साध्या अक्षरात ठेवू का?' असं विचारायला लागलं. २०१९ च्या १.१२ मध्ये तर साध्या अक्षरात ठेवायची सोय बिल्डमध्येच बंद केली, पॅकेज बनवणाऱ्याला हवी तर त्यानं ती मुद्दाम चालू करायची. आणि ग्नोम, केडीईच्या तिजोऱ्यांसाठी फेडोरात वेगळी छोटी पॅकेजं ठेवली.

तिसरा गप्प बसून काम उरकतो. काही विचारत नाही, काही सांगत नाही. हा सगळ्यात गोड वाटतो आणि सगळ्यात महाग पडतो.

कधी तुम्ही पॅकेज बनवायला बसलात तर माझी यादी अशी आहे. तिजोरीचा पर्याय बिल्डमध्ये स्पष्ट लिहा, ऑटोवर सोडू नका. लायब्ररी पक्की, सेवा रेकमेंड्समध्ये आणि पर्यायासह. आयत्या वेळी उघडणाऱ्या लायब्ररी हातानं नोंदवा. मग तिजोरी नसलेल्या कोऱ्या मशीनवर ॲप चालवून बघा: पासवर्ड सेव्ह करा आणि तो खरंच कुठं गेला ते शोधा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. आणि अपडेटमध्ये काही सोय काढली तर ओरडून सांगा.

तुम्ही काय करायचं

लिनक्स वापरत असाल तर आधी तिजोरी आहे का बघा. 'बसकंट्रोल', म्हणजे 'बसक्टल', 'यूजर' पर्यायानं चालवा आणि यादीत फ्रीडेस्कटॉप सीक्रेट्सचं नाव शोधा. किंवा 'सीक्रेट-टूल'नं एखादा खोटा पासवर्ड ठेवून परत मागून बघा. डेबियनमध्ये तो 'लिबसीक्रेट-टूल्स' पॅकेजात आहे. 'ॲप्ट शो' केलं की पॅकेजची रेकमेंड्सची ओळ दिसते. मी केलं तसं न वाचता सगळं 'नको' म्हणू नका. स्नॅप वापरत असाल तर पासवर्डच्या तिजोरीची जोडणी तुम्हाला हातानं करून द्यावी लागते, ती आपोआप होत नाही.

आता एका ताईंनी भाग आल्यावर विचारलेला प्रश्न: 'तिजोरी बसवली म्हणजे निर्धास्त का?' नाही. तिजोरी उघडी असताना तुमच्याच खात्यात चालणारा दुसरा प्रोग्रॅम तिच्यात बघू शकतो. एकाच खात्यात दहा जण बसत असतील तर तिजोरीचा काही उपयोग नाही. ऑटो-लॉगिन लावलं तर ग्नोम-कीरिंग आपोआप उघडत नाही, कारण त्याला तुमचा लॉगिन पासवर्ड मिळतच नाही. मग दर वेळी ते विचारतं, आणि वैतागून लोक तिजोरीला कोरा पासवर्ड देतात. तसं केलं की आतलं सगळं एन्क्रिप्ट न होताच पडून राहतं. तिजोरी वाचवते ती चोरीला गेलेल्या, भंगारात गेलेल्या, दुसऱ्या मशीनला जोडलेल्या डिस्कपासून. आणि आपल्याकडं जुने कॉम्प्युटर हातोहात फिरतात, म्हणून ते महत्त्वाचं.

अभ्यासिकेत पुढं काय झालं? ग्नोम-कीरिंग टाकलं, लॉगिनसोबत ते उघडावं म्हणून पॅमचं पॅकेजही टाकलं. आणि तरी क्रोमियम शेंगदाण्यांवरच! कारण ते डेस्कटॉपचं नाव बघून तिजोरी निवडतं, आणि ओपनबॉक्स त्याच्या ओळखीचं नाही. 'पासवर्ड-स्टोअर' या पर्यायात 'ग्नोम-लिबसीक्रेट' असं स्वतः लिहून दिलं तेव्हा ते ऐकलं. म्हणजे पॅकेज नीट असणं एक, आणि चालताना ते सापडणं दुसरं. जुन्या नोंदी जुन्याच पद्धतीनं पडून होत्या, त्या पुसल्या. आणि पाचही कॉम्प्युटरवर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगून ईमेलचे पासवर्ड बदलायला लावले. ते सांगताना लाज वाटली. पण ते सांगणं भागच होतं.

ही कामं करणारे लोक फार लांबचे नसतात. फेडोराची परिषद २०११ मध्ये पुण्यात सीओईपीच्या आवारात भरली होती, आणि मराठीच्या लोहित फाँटचं बरंच काम पुण्यातूनच झालंय. पॅकेजची एक ओळ सुधारायला मोठी डिग्री लागत नाही. एक चूक दिसली, ती नीट लिहून कळवली, तरी पुढच्या कुणाच्या तरी अभ्यासिकेतलं पोरगं वाचतं.

चला, आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या कॉम्प्युटरवर किल्ली कुठं सापडली, शेजाऱ्याकडं की चौकटीवर, ते व्हॉइस नोट पाठवून नक्की कळवा. फक्त त्यात पासवर्ड सांगू नका! भेटू पुढच्या भागात.